उधळ्या पुत्राच्या मोठ्या भावाने आत जावं की बाहेरच थांबावं?

थोरला_सदरकर (२ जून, रात्री ११.४०)

सलाम मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही नागपूरचे, मोहननगरचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. बाबा रेल्वेत होते. घरात आई, मी, बायको, दोन मुली. आणि एक धाकटा, जो नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या मागे लागून आपला वाटा घेऊन गेला. बाबांनी रिटायरमेंटच्या पैशातून ११ लाख दिले, कागद केला नाही. आधी भागीदारीत धंदा, मग दारू, मग फोन बंद. बाबांच्या मातीलाही आला नाही. कळवायचं कुठे हाच प्रश्न होता म्हणा.

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला त्या दिवशी दुपारी दीडला कडी वाजली. दारात तो. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी, पायात एक चप्पल काळी, एक तपकिरी. आईने एक शब्द विचारला नाही. माठातलं पाणी दिलं, कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरवलं आणि मला म्हणाली, अर्धा किलो मटण घेऊन ये. भर नवतप्यात, दीड वाजता! आणलं मी.

रात्री तिने कपाटातून बाबांचं एचएमटी काढलं आणि त्याच्या मनगटावर बांधलं. चावीचं घड्याळ आहे ते. बाबा जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून रोज सकाळी मी त्याला चावी देतो. कधी हातात घातलं नाही, जपलं. त्याने ते घालून मटण खाल्लं.

'कृपेनेच तुमचं तारण झालं आहे' हे वचन मी आठव्या वर्षी न चुकता म्हणून संडे स्कूलमध्ये कंपासपेटी जिंकली होती. लूकच्या १५ व्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर (वाटा उडवून परतलेल्या धाकट्याला बाप झगा-अंगठी घालून, पोसलेलं वासरू कापून मेजवानी देतो आणि थोरला रागाने बाहेर थांबतो) तर मी स्वतः तरुणसंघात बोललोय. पण आता तो दाखला माझ्याच घरात चालू आहे आणि मी त्यातला चुकीचा माणूस आहे. परवाच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळी मी बाकावरून उठलोच नाही. तो मागच्या बाकावर होता, तोही उठला नाही.

विचारायचं हे की, आई करतेय ती कृपा आहे की आंधळी माया? आणि जो मोठा भाऊ घरीच राहिला, बिलं भरली, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, त्याच्यासाठी या कृपेत काय आहे?

धर्मांतराचा वाद कृपया इथे नको. त्याचे धागे भरपूर आहेत.

तर्रीबाज (३ जून, सकाळी ७.१५)

भाऊ, पह्यले हे सांगा, अर्ध्या किलोत पाच-सहा माणसं जेवली कशी? पाच भाकरी आणि दोन मासेवाला चमत्कार तुमच्याकडेच होऊन राहिला बाप्पा.

(मस्करी करून राहिलो. राग नका मानू. धागा वाचून राहिलोय.)

वसईची_लेक (३ जून, सकाळी १०.०५)

मी कॅथलिक, माहेर वसई, लग्न होऊन नागपुरात २६ वर्षं झाली. दादा, तो अध्याय एकदा सावकाश वाचा, तरुणसंघात बोलायचा म्हणून नाही.

त्यात बाप दोनदा घराबाहेर येतो. एकदा धाकट्याकडे धावत. दुसऱ्यांदा थोरल्याकडे, समजूत घालायला. जेवण चालू, पाहुणे आत, आणि यजमान अंगणात रुसलेल्या पोराजवळ उभा. आपण प्रवचनात पहिल्या वेळेलाच अडकतो.

शिवाय येशू हा दाखला कुणाला सांगतोय? पाप्यांना नाही. तो पाप्यांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमांच्या कडक धार्मिक मंडळींना. म्हणजे गोष्ट मुळात थोरल्यासाठीच आहे. म्हणून तर ती अर्धवट सोडलीय. तो आत गेला की नाही हे लिहिलेलंच नाही.

आणि एक. थोरला बापाला म्हणतो, 'हा तुमचा मुलगा'. बाप उत्तरात म्हणतो, 'हा तुझा भाऊ'. तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. 'धाकटा' आहे, 'तो' आहे. भाऊ हा शब्द शीर्षकात आणि शेवटच्या प्रश्नात आलाय, दोन्ही वेळा तुमच्या स्वतःसाठी.

थोरला_सदरकर (३ जून, सकाळी १०.३०)

ताई, लागलं. खरंच लक्षात आलं नव्हतं.

अनामिक_ती (३ जून, दुपारी २.२०)

सगळे छान छान बोलतायत म्हणून मी वाकडं बोलते.

माझ्या नवऱ्याने 'नवी सुरुवात' अकरा वेळा केली. प्रत्येक वेळी रडला, गुडघे टेकले, साक्ष दिली. प्रत्येक वेळी मला सांगण्यात आलं, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर. बाराव्या वेळी माझा हात मोडला. तेव्हा 'कृपा' या शब्दाबद्दल मला जरा जपून बोला.

त्या दाखल्यात आई नाही, बहीण नाही, बायको नाही. बापाकडे शेत आहे, चाकर आहेत, गोठा आहे, त्याला उदार होणं परवडतं. ज्या घरात एका पगारावर सहा माणसं आहेत तिथे उदारपणाचं बिल कोण भरतं? हे थोरले दादाच ना? त्यांचा राग हे पाप नाही, हिशोब आहे.

क्षमा करा, जरूर करा. पण आईचं पासबुक आणि एटीएम आजच स्वतःकडे घ्या.

पेठेतला_पाहुणा (३ जून, दुपारी ३.००)

सत्तर गुणिले सात म्हणजे ४९०. कुणी वही ठेवली होती का? ;)

वसईची_लेक (३ जून, दुपारी ३.१०)

अनामिक_ती, तुम्हाला कुणी तसं सांगितलं असेल तर चूक सांगितलं. क्षमा म्हणजे मार खायला परत जाणं नव्हे.

पेठेतले पाहुणे, ही त्याची जागा नव्हती.

पेठेतला_पाहुणा (३ जून, दुपारी ३.४०)

मान्य. माफी मागतो.

कोर्टकचेरी (३ जून, रात्री ९.००)

वकील आहे, धर्माचं फार कळत नाही. पण तुमच्या पोस्टमध्ये एक गैरसमज दिसतोय, तो आत्ताच काढलेला बरा.

ख्रिस्ती माणसाला वारसाबाबत भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. त्यात जन्माने वडिलार्जित मिळकतीत हक्क वगैरे भानगड नाही. बाप जिवंत असताना 'माझा वाटा द्या' म्हणायला धाकट्याला कायद्याने काडीचाही आधार नव्हता. बाबांनी दिले ते राजीखुशीने दिले.

आता दुसरी बाजू. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि घर त्यांच्या नावावर असेल, तर आईला एक तृतीयांश आणि उरलेलं तुम्हा दोघांत समान. म्हणजे तिघांना सारखंच. '११ लाख आधीच नेले ना, ते वळते करा' असं तुम्ही म्हणाल. नाही होत वळते. कलम ४९ स्पष्ट आहे. बापाने हयातीत पोराला जे दिलं ते वारसाचा हिस्सा काढताना धरायचं नाही.

थोरला_सदरकर (३ जून, रात्री ९.२०)

म्हणजे? ११ लाख घेऊनही घरात त्याचा माझ्याइतकाच हिस्सा?? मृत्युपत्र नाही हो बाबांचं.

कोर्टकचेरी (३ जून, रात्री ९.२५)

हो. इतकाच.

तर्रीबाज (३ जून, रात्री ९.३१)

घ्या! इंग्रजाचा कायदाच कृपाळू निघाला. आता कोनाले सांगता?

कोर्टकचेरी (३ जून, रात्री १०.१०)

तर्रीबाजच्या मस्करीवरून मीही तो अध्याय उघडला. वकिलाच्या नजरेला एक गोष्ट दिसली.

धाकटा वाटा मागतो तेव्हा बापाने मिळकत 'त्या दोघांत' वाटून दिली असं वाक्य आहे. एकट्याला नाही दिली. मोशेच्या नियमशास्त्रात ज्येष्ठ मुलाला दुप्पट हिस्सा, म्हणजे दोघे भाऊ असतील तर दोन तृतीयांश. धाकट्याने आपला नेऊन उडवला. मग मागे जे उरलं ते कुणाचं? बाप स्वतः थोरल्याला म्हणतो, 'माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे.' मग ते पोसलेलं वासरू हिशोबाने कुणाचं होतं? अंगठी कुणाची, झगा कुणाचा?

थोरल्याचा. मेजवानी त्याच्या वाट्यातून झाली आणि त्याला विचारलंही नाही. म्हणून मला तरी तो रुसला ते पटलं. कृपा फुकट म्हणतात ती घेणाऱ्याला फुकट. कुणाच्या तरी खात्यावर ती नावे पडतेच.

वसईची_लेक (३ जून, रात्री १०.४०)

वकीलसाहेब, धर्माचं कळत नाही म्हणता आणि वधस्तंभाजवळ येऊन उभे राहिलात. आमच्या श्रद्धेत तेच आहे. ती नावे कुणावर पडली, तर मरीयेच्या पोरावर. तो थोरला आहे आणि तो बाहेर रुसून बसला नाही.

पंढरी_पायी (४ जून, पहाटे ५.५०)

राम कृष्ण हरी. मी वारकरी घरातला. आमच्याकडेही हे आहेच की. गीतेचा नववा अध्याय, तिसावा श्लोक: अत्यंत दुराचारी जरी अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच समजावं. 'समजावं' हा शब्द बघा. झाला असं नाही, समजावं. आणि लगेच पुढच्या श्लोकात तो लवकरच धर्मात्मा होतो असं आहे. आधी साधू समजलं गेलं, सुधारणा नंतर. आपण उलट मागतो. आधी सुधारून दाखव, मग घरात घेऊ.

तुमच्या नारायण वामन टिळकांना हा पूल बरोबर दिसला होता. ते बाप्तिस्म्याआधी काही काळ नागपुरातच होते, बुटींच्या श्रीमंत घराण्याकडे.

बोधी_इंदोरा (४ जून, सकाळी ११.००)

जय भीम. थोडं वेगळं मांडतो. आम्ही दीक्षाभूमीच्या शहरातले, आमच्याकडे कृपा करणारा कुणी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझ्या आजोबांनी जी नवी सुरुवात केली ती कुणाच्या दयेवर नव्हती, स्वतःच्या पायावर होती. त्यामुळे 'अपात्र असूनही मिळालं' ही भाषा मला खुपते. ज्यांना पिढ्यानपिढ्या अपात्र म्हटलं गेलं त्यांना तो शब्द गोड लागत नाही.

पण अंगुलिमालाची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. माणसं मारून बोटांची माळ घालणारा दरोडेखोर. बुद्धांनी त्याला संघात घेतलं. राजा पसेनदी त्याला पकडायला घोडेस्वार घेऊन निघाला, तर तो मुंडण करून चीवर नेसून बुद्धांशेजारी बसलेला. राजाने नमस्कार केला. लोक इथेच थांबतात. पुढचा भाग असा की तो भिक्षेला गेला की त्याच्यावर दगडं-ढेकळं पडत. डोकं फुटून, पात्र मोडून, चीवर फाटून तो परत येई. बुद्ध काय म्हणाले? सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे.

दार उघडलं, पण मागचं पुसलं नाही. दोन्ही एकाच वेळी. थोरले दादा, तुमच्या भावाला घरात घ्या आणि ढेकळंही खाऊ द्या. तुमच्या रागाचं एखादं त्यात असलं तरी चालेल.

थोरला_सदरकर (४ जून, दुपारी १.१५)

जय भीम दादा. 'अपात्र' या शब्दाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर मला उत्तर नाही. आमचे आजोबाही त्याच वस्तीतून ख्रिस्ती झाले, म्हणून आतून कळतं एवढंच.

प्रभात_तारा (४ जून, दुपारी ४.००)

कृपेने माणूस एका क्षणात बदलतो याचं उदाहरण म्हणजे जॉन न्यूटन. गुलामांच्या जहाजाचा कप्तान, वादळात सापडला, देवाचा धावा केला, सगळं सोडून पाद्री झाला आणि 'अमेझिंग ग्रेस' हे कृपेवरचं जगप्रसिद्ध गीत लिहिलं. हालेलुया!

जुनं_नागपूर (४ जून, संध्याकाळी ६.३०)

प्रभात_तारा, घाई होतेय. वादळ १७४८ चं. त्यानंतर न्यूटन गुलामांच्याच जहाजांवर चढत्या हुद्द्याने गेला आणि कप्तान झाला तो वादळानंतर. समुद्र सोडला १७५४ मध्ये, तोही प्रकृतीमुळे. गीत १७७२ च्या अखेरीचं. आणि गुलामीविरुद्ध जाहीर पुस्तिका काढली १७८८ साली. चाळीस वर्षं! रोज प्रार्थना करणारा माणूस खाली तळघरात माणसं साखळीने बांधून नेत होता आणि त्याला ते बोचत नव्हतं.

मला यात निराशा दिसत नाही, पण एका क्षणात वगैरे सांगू नका. धाकट्याकडून लोक सहा महिन्यांत संत व्हायची अपेक्षा करतात, मग तो घसरला की 'बघा, ढोंग होतं'.

थोरल्या सदरकरांच्या नावात नागपूरचा सदर भाग आहेच, म्हणून थोडं अवांतर. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या मंडळ्या (चर्चपंथ) एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. लहान मुलाचा बाप्तिस्मा करायचा की मोठेपणी, बिशप हवा की नको, यावर पिढ्यानपिढ्या भांडलेले भाऊ. शेवटी दोन्ही पद्धतींना जागा ठेवून एका मेजावर बसले. तेही आपल्या नागपुरात.

तर्रीबाज (४ जून, संध्याकाळी ६.५०)

अन् हिस्लॉप कालेजवाले हिस्लॉपसायेब? आमी तिथं कॅन्टीनमध्येच पदवी घेतली.

जुनं_नागपूर (४ जून, संध्याकाळी ७.०५)

स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडचे मिशनरी आणि पक्के भूगर्भशास्त्रज्ञ, त्यांच्या नावाने हिस्लॉपाइट म्हणून खनिज आहे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडची दगडी वर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पुरात बुडून गेले. कॉलेज नंतरचं, १८८३ चं. कॅन्टीन कधीचं ते तुम्ही सांगा.

संपादक_मंडळ (४ जून, संध्याकाळी ७.३०)

हिस्लॉपसाठी वेगळा धागा काढावा. इथे मूळ विषय चालू द्या.

आज_फक्त_आज (५ जून, रात्री १.१०)

झोप येत नाही म्हणून लिहितो. थोरल्या दादा, मी तुमचा धाकटा आहे. म्हणजे तो नाही, पण तोच.

दारू सोडून चार वर्षं, दोन महिने. नागपुरातच एका चर्चच्या मागच्या खोलीत आमची, दारू सोडणाऱ्यांची, मीटिंग असते. मी हिंदू, माझ्या शेजारी बसणारा मुसलमान. तिथे कुणी कुणाला देव कुठला ते विचारत नाही, 'तुला जसा समजतो तसा' एवढंच.

तुम्हाला वाटतंय की आईच्या हातचं मटण खाताना त्याला मजा आली असेल. मी परत आलो तेव्हा माझ्या मोठ्या बहिणीने गादी टाकली, नवी चादर काढली, तिच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. मी त्या चादरीवर झोपू शकलो नाही, खाली फरशीवर झोपलो. ती ओरडली असती तर मला उत्तर येत होतं. शिव्यांना उत्तर देण्यात आम्ही दारुडे पटाईत असतो. नव्या चादरीला काय उत्तर देणार?

अनामिक ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. पैसे, एटीएम, सोनं लपवा. माझ्या बहिणीने तेच केलं. गादी टाकली आणि कपाटाला कुलूपही लावलं, दोन्ही माझ्यासमोर. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. कुलूप दिसलं म्हणून गादीवर विश्वास बसला, नाहीतर वाटलं असतं हिला कळलेलंच नाही मी काय आहे.

आमच्या कार्यक्रमात नववी पायरी भरपाईची असते. ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी आठवीत करायची आणि नववीत शक्य तिथे प्रत्यक्ष जाऊन भरून द्यायचं. पण ती नववी आहे, पहिली नाही. अकरा लाखांचा हिशोब त्याने तुम्हाला द्यायचाय, नक्की द्यायचाय. आज मागाल तर तो पळेल.

आणि घड्याळ. आईने ते देऊन त्याला अवघड जागी टाकलंय. विकायला सगळ्यात सोपी वस्तू तीच. आठ दिवसांनी त्याच्या हातात आहे का ते बघा. असेल तर त्याने आठ दिवस रोज काहीतरी जिंकलंय.

अनामिक_ती (५ जून, सकाळी ८.००)

चादर आणि कुलूप. मला हे कुणी वेळेवर सांगायला हवं होतं.

वसईची_लेक (५ जून, सकाळी ८.२५)

तुम्ही नागपुरात असाल तर व्यक्तिगत निरोप करा. धाग्यावर नको, आपण दोघी चहाला भेटू.

थोरला_सदरकर (५ जून, रात्री १०.००)

सगळं दोनदा वाचलं. घड्याळ हातात आहे. मात्र बंद पडलंय, पावणेचारवर. चावी द्यावी लागते हे त्याला माहीतच नाही, तो ते तसंच बंद घालून फिरतो. मी सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

पासबुक माझ्याकडे घेतलं. आई रागावली.

तर्रीबाज (१९ सप्टेंबर, दुपारी १२.००)

धागा वर काढतो. भाऊ, काय झालं पुढं? पावसात वाहून गेले काय?

थोरला_सदरकर (२६ डिसेंबर, दुपारी ४.३०)

उशीर झाला. नाताळच्या शुभेच्छा सगळ्यांना.

सहा महिन्यांत काय काय झालं. जुलैत तो एकदा पिऊन आला. आईने दार उघडलं, मी उघडलं नाही, म्हणजे मी आडवा उभा राहिलो आणि त्या रात्री तो व्हरांड्यात झोपला. ढेकूळ म्हणा. सकाळी कुणीच बोललं नाही. ऑगस्टपासून तो आज_फक्त_आज दादांसारख्या मीटिंगला जातो, त्यांचीच आहे की दुसरी ते मी विचारलं नाही, विचारायचं नसतं म्हणे. सध्या गॅरेजमध्ये कामाला आहे. दर महिन्याच्या सात तारखेला आईच्या हातावर दोन हजार ठेवतो. ११ लाखांना किती वर्षं लागतील याचा हिशोब मी केला होता, बायकोने कॅल्क्युलेटर काढून घेतला.

प्रभुभोजनाला मी नोव्हेंबरपर्यंत उठलो नाही. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं काही तुझ्याविरुद्ध आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं मत्तयात आहे. माझं गणित होतं की इथे तर माझंच त्याच्याविरुद्ध आहे, मग मी का जाऊ. हे आमच्या पाळकांना बोललो. ते म्हणाले, तुझ्याविरुद्ध त्याचं काहीच नाही, खात्री आहे? मी घरी येऊन विचार करत बसलो. तर होतं. बाबांकडे वाटा मागितला त्याच्या आदल्या वर्षी त्याने माझ्याकडे ५० हजार मागितले होते, दुकानाच्या डिपॉझिटला. माझ्याकडे होते. मी नाही म्हटलं होतं, वर हसलो होतो. ही गोष्ट मी वरच्या एकाही पोस्टमध्ये लिहिलेली नाही, बघा.

आठ दिवसांपूर्वी आम्ही करंज्या भरत बसलो होतो. आई, मुली, मी आणि माझा भाऊ. मोठीने त्याला विचारलं, काका, तुझ्या घड्याळात नेहमी पावणेचारच का वाजतात? तो म्हणाला, आजोबांचं आहे, बिघडलंय, पण मला आवडतं. मी हात पुसले, त्याचा हात ओढला आणि डोकं कसं फिरवायचं ते दाखवलं. दहा-बारा फेरे, घट्ट लागलं की थांबायचं, जोर करायचा नाही, रोज एकाच वेळेला. चालू झालं. त्याने कानाला लावलं, मग आईच्या कानाला लावलं.

वकीलसाहेब, घराचं काय करायचं ते जानेवारीत येऊन विचारतो. हक्कसोडपत्र नको म्हणतोय मी.

तर्रीबाज (२६ डिसेंबर, दुपारी ४.४१)

करंज्या उरल्या असतील तं सांगा, येऊन राहिलो.

थोरला_सदरकर (२६ डिसेंबर, दुपारी ४.५०)

या. सारणात खोबरं जास्त झालंय, ते त्याने भरलंय.